साट्याची सून

माझ्या वहिनीला माहेरी परत पाठवायचं ठरलं, तेव्हा तिच्या हातून काहीही चूक झालेली नव्हती. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे आमच्या भाऊबंदकीत त्या दिवसांची जी गोष्ट सांगितली जायची तिच्यात वहिनीच्या नावावर बरंच काही चिकटलं. कुणी म्हणायचं तिची जीभ फार चालायची, कुणी म्हणायचं तिनं नवऱ्याला मुठीत ठेवलं होतं. मी त्या घरात होते, सतरा वर्षांची होते आणि माझे डोळे उघडे होते. इंदूवहिनीचा दोष एवढाच होता की ती साट्याची सून होती.

साटंलोटं म्हणजे काय ते आता नव्या पोरांना सांगावं लागतं. एका घरानं आपली मुलगी दुसऱ्या घरात द्यायची आणि त्याच घरातली मुलगी आपल्या मुलाला करून आणायची. एकाच मांडवात दोन लग्नं, एकच जेवणावळ, देण्याघेण्याचं बोलणं नाही. माझी थोरली बहीण सुमन, तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो, ती भडगावकडच्या मुरलीधरला दिली आणि मुरलीधरची बहीण इंदू माझ्या थोरल्या भावाची, वसंतभाऊची बायको होऊन आमच्या घरी आली. पुढे मी धुळ्याच्या एका कॉलेजात तीस-एक वर्षं समाजशास्त्र शिकवलं. तिथल्या पुस्तकात याला ‘विनिमय विवाह’ असं नाव होतं आणि खाली दोन ओळींची व्याख्या. मुलं ती पाठ करायची आणि दोन गुण घ्यायची. त्या व्याख्येत एक गोष्ट नव्हती, ती मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे: एका घरची सून परत आली, तर दुसऱ्या घरची सूनही परत जाते. ती नांदत असो, सुखात असो, तिच्या मांडीवर मूल असो. तराजूचं एक पारडं उचललं की दुसरं उचलायचं, एवढाच नियम.

आमचं गाव धरणगावपासून एसटीनं अर्ध्या तासावर. धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, समोर ओटा, मागे गोठा, आणि दिवाळीनंतर एक पूर्ण खोली कापसानं भरलेली. त्या खोलीत झोपायला आम्हा बहिणींना फार आवडायचं, अंगाला खाज सुटायची तरी. वहिनी आली तेव्हा एकोणीस वर्षांची असेल. पहिले आठ दिवस ती मान खाली घालून वावरली. नवव्या दिवशी मायनं तिला वांगी भाजायला सांगितली. वहिनीनं मागच्या अंगणात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ केला, वांगी त्यात टाकली, आणि एक वांगं असं काही फुटलं की शेजारी बसलेल्या आमच्या नानांच्या पांढऱ्या टोपीवर त्याचा गर उडाला. नाना म्हणजे माझे काका, आबांचे धाकटे भाऊ, गावातले मोठे शिस्तीचे गृहस्थ. वहिनी हसली. पदर तोंडाशी धरून नव्हे, मोकळं, गोठ्यापर्यंत ऐकू जाईल असं. माय तिला रागावली. पण त्या दिवशीचं भरीत, कांद्याची पात आणि शेंगदाणे घातलेलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर आबांनी दोनदा मागून खाल्लं, आणि त्यानंतर तिच्या हसण्याला घरात कुणी फारसं अडवलं नाही.

उन्हाळ्यात ती आणि माय धाब्यावर बिबड्या घालायच्या. आंबवलेल्या ज्वारीचं शिजवलेलं पीठ ओल्या फडक्यावर हातानं थापायचं, पातळ, गोल, आणि उन्हात वाळू द्यायचं. थापण्याचा तो चप्‌ चप्‌ आवाज सकाळी सकाळी डोक्यावरून यायचा आणि त्यावर वहिनीची बडबड. मी खाली अभ्यासाला बसलेली असायचे. मला आबांनी अकरावीनंतर अमळनेरच्या कॉलेजात घातलं होतं. रोज एसटीनं धरणगाव, तिथून रेल्वेनं अमळनेर. घरात दोन पोरींपैकी एकीला तरी शिकवायचं ही आबांची हौस होती, आणि अक्काच्या वेळी ती हौस त्यांना सुचली नव्हती. पहाटे माझा डबा वहिनी करायची. लग्नाला तीन वर्षं होत आली तेव्हा तिला मुलगी झाली, शकू. मुलगी झाली म्हणून बारशाला माणसं कमी आली, हे मला अजून आठवतं. वहिनीलाही आठवतं. मागच्याच महिन्यात ती मला फोनवर कोण कोण आलं नव्हतं त्याची यादी सांगत होती.

अक्का आली ती चैत्रातल्या एका दुपारी. तिचे सासरे तिला एसटीनं घेऊन आले, ओट्यावर तिची ट्रंक ठेवली, पाणीही न पिता आबांना म्हणाले की चार वर्षांत पोटी काही नाही, मुरलीधरचं मन उडालं, आता तुमची मुलगी तुम्ही सांभाळा. आणि परतीची गाडी पकडायला निघून गेले. अक्का ओट्याच्या पायरीवर बसून राहिली. मी तिला आत नेलं. तिचा दंड धरला तेव्हा ती कळवळली.

खोटं कशाला सांगू, पहिले दोन दिवस मलाही वाटत होतं की वहिनीला पाठवा. ती समोर आली की मला तिच्या तोंडात मुरलीधरचं तोंड दिसायचं, तेच रुंद कपाळ, त्याच जुळलेल्या भुवया. तिनं वाढलेलं ताट मी सरकवून दिलं. माझ्या बहिणीचं घर मोडलं आणि ही इथे तूप वाढते, असं मनात आलं. त्या वयात राग कुणावर काढायचा हे कळत नाही, आणि जवळचं माणूस सापडतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या न्हाणीकडे गेले. अक्का पाटावर पाठमोरी बसली होती, पाठ उघडी. पाठीवर जुने आणि नवे असे दोन्ही वळ होते. वहिनी मागे बसून कोमट तेल लावत होती. हे तिच्या सख्ख्या भावाच्या हाताचं काम होतं आणि ती त्यावरून बोटं फिरवत होती. मग वहिनीनं एकच विचारलं, कधीपासून. अक्का म्हणाली, पहिल्या वर्षापासून. वहिनीनं तेलाची वाटी खाली ठेवली आणि कपाळ अक्काच्या खांद्यावर टेकलं. मी तशीच मागे फिरले. माझ्या मनातलं पारडं तिथे मोडलं ते कायमचं.

पण बाहेर ओट्यावर आदल्या दिवसापासूनच भाऊबंद जमले होते. दोन दिवस चर्चा चालली, चहा जात होता, आणि तो चहा वहिनीच करत होती. तिच्याविरुद्ध कुणी एक शब्द बोलत नव्हतं. उलट सगळे म्हणत होते की पोर चांगली आहे, पण रीत ती रीत. नाना सगळ्यांत ठाम होते. “त्यासनी आपली पोर धाडी दिन्ही, आपन त्यासनी काबर ठेवानी?” त्यांनी आपली पोर धाडली, मग त्यांची आपण का ठेवायची, असं ते म्हणाले, आणि आबांनी मान हलवली. आज वहिनीला ठेवलं, तर उद्या गाव म्हणेल की यांची पोर टाकली तरी यांना लाज नाही, असं त्यांचं म्हणणं. शकूचं काय, हा प्रश्न कुणीतरी काढला. त्यावर नाना म्हणाले, पोरगी आहे, आईबरोबर जाऊ द्या. मुलगा असता तर ठेवून घेतला असता, हे त्यांना बोलावंही लागलं नाही.

वसंतभाऊ त्या दोन्ही दिवशी शेतात होता. कापूस कधीच निघून गेला होता, उसाला पाणी देण्याची पाळी नव्हती, शेतात करण्यासारखं काही नव्हतं. तरी तो सकाळी जायचा आणि दिवेलागणीला यायचा. वहिनीनं त्याला काय विचारलं आणि तो काय म्हणाला, मला माहीत नाही. तिनं पुढेही कधी सांगितलं नाही. माझा भाऊ वाईट माणूस नव्हता, असं लोक म्हणतात. मी म्हणते, वाईट नसणं एवढं पुरेसं नसतं.

चौथ्या दिवशी सकाळी नाना तिला पोचवायला निघाले. सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून मला बरोबर घेतलं. धरणगावहून एरंडोल, एरंडोलला गाडी बदलून भडगाव. वहिनीनं लग्नातली हिरवी साडी नेसली होती. मायनं तिची ओटी भरली, जशी माहेरपणाला जाणाऱ्या सुनेची भरतात तशी, आणि मग आत जाऊन दार लावून घेतलं. अक्का मात्र ओट्यावर उभी राहिली, आमची गाडी वळेपर्यंत.

एरंडोलला भडगावची गाडी दीड तासानं होती. नाना म्हणाले, ओळखीच्या एका अडत्याला भेटून येतो, तुम्ही इथेच बसा. ते गेले. वहिनी सिमेंटच्या बाकावर शकूला पदराखाली घेऊन बसली. समोरच्या फलाटावर धरणगावची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. मी त्या गाडीकडे बघत होते. मला धाडसी म्हणतात ते बरोबर नाही, मी घाबरले होते. पण भडगावच्या त्या घरात, जिथे अक्काची पाठ तशी झाली, तिथे आता ही जाऊन बसणार, आणि तिच्या भावाला तिला बघून रोज आठवणार की आपण बायको टाकली म्हणून ही परत आली, आणि तो राग तो हिच्यावरच काढणार, एवढं मला दिसत होतं. मी म्हटलं, वहिनी, चल, परत जाऊ.

तिनं माझ्याकडे पाहिलं. “कोनता घरले परत, लताबाई? माले घर कोठे शे?”

मी खरं तेच सांगितलं की मला माहीत नाही, पण तिकडे तर नाहीच. ती म्हणाली, आबा मारतील तुला. मी म्हटलं, मारू देत. शकूचं पिऊन होईपर्यंत ती थांबली. मग तिनं पोरीला माझ्याकडे दिलं, पदर सारखा केला, स्वतःची ट्रंक स्वतः उचलली आणि धरणगावच्या गाडीकडे चालायला लागली. माझ्याआधी ती गाडीत चढली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे सगळ्यांनी सांगितलं की धाकटीनं सुनेला पळवून आणलं. कुणी कुणाला पळवलं नाही.

नाना आम्हाला शोधत बसतील म्हणून मी धावत कंट्रोलरच्या खिडकीशी गेले आणि त्याला सांगितलं की पांढऱ्या टोपीचे, मिशीवाले अमुक गावचे नाना येतील, त्यांना सांगा की बाया घरी परत गेल्या. मला वाटलं तो तोंडी सांगेल. त्यानं ते भोंग्यावरून सांगितलं, गावाच्या नावासकट, दोनदा. नानांनी पुढे मला पुष्कळ गोष्टी माफ केल्या, भोंगा केला नाही. शेवटच्या आजारातही ते मला म्हणाले, तू माझी अब्रू एसटीच्या भोंग्यावर टांगली.

आम्ही घरी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. ओट्यावर आबा आणि चार भाऊबंद जेवणाची वाट बघत बसले होते. ठरलेलं काम पार पडलं म्हणून त्या दिवशी सगळे आमच्याकडेच जेवणार होते. आबा उठले आणि त्यांनी मला विचारलं, नाना कुठे. मी सांगितलं, एरंडोलला. वहिनीला का आणलं. मी म्हटलं, तिचं काही चुकलं नाही म्हणून. आबांनी माझ्या कानाखाली मारली. त्याआधी त्यांनी मला कधी मारलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी तिथेच उभी राहिले. मी रडले नाही याचा मला आजही अभिमान आहे, आणि कुणाला तो उद्धटपणा वाटत असेल तर वाटू दे.

तेवढ्यात अक्का बाहेर आली. चार दिवसांत भाऊबंद बसलेले असताना ती ओट्यावर आली नव्हती. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिनं सावरला नाही. वहिनीच्या हातातली ट्रंक तिनं घेतली, दुसऱ्या हातानं वहिनीचं मनगट धरलं, आणि आबांकडे नाही, सगळ्या ओट्याकडे बघून बोलली. “त्यासनी माले ठेवं नही, तो त्यासना दोष शे. हिना माथे टाकू नका. मना नावावर हाई घर मोडानं नही.” आणि वहिनीला घेऊन आत गेली.

ज्या पोरीसाठी न्याय चालला होता तिनंच न्याय नको म्हटलं, मग रीत कुणासाठी राखायची? एक भाऊबंद घसा खाकरून म्हणाला की बायकांच्या नादी लागून कुठे कामं होतात. तेव्हा आतून मायचा आवाज आला, रोजचाच, जरा चढा. “इंदू, चुल्हावर तवा ठेव. मानसे उपाशी बठेल शेतस.”

वहिनीनं तवा ठेवला. भाकरी थापण्याचा आवाज यायला लागला आणि आबा खाली बसले. झालं ते एवढंच. मायच्या त्या वाक्याचा मला तेव्हा फार राग आला होता. मरणातून परतलेल्या बाईला पहिलं काम काय, तर त्याच पुरुषांच्या भाकरी. आता माझं वय मायच्या तेव्हाच्या वयापेक्षा पुष्कळ जास्त आहे आणि मला कळतं की तिच्या हातात दुसरा कुठला निकाल नव्हता. ज्या सुनेला सासू तवा ठेवायला सांगते, तिला घरातून काढता येत नाही. कळतं, तरी राग थोडा उरलाच आहे. भाऊबंदांपैकी दोघे जेवले, दोघे उठून गेले. संध्याकाळी वसंतभाऊ आला, वहिनीला चुलीपाशी बघून म्हणाला, “उनी का?” आलीस का, एवढंच. तिनं त्याला पाणी दिलं.

याची किंमत पडली. दोन वर्षं आमच्या घरच्या कार्याला अर्धं गाव आलं नाही. आबा माझ्याशी सहा महिने बोलले नाहीत, पण कॉलेज बंद केलं नाही. मला जी स्थळं यायची ती एरंडोलची गोष्ट ऐकून मागे फिरायची, आणि जी फिरली नाहीत त्यांतलं एक साट्याचं होतं, मला देऊन आमच्या एका चुलतभावाला बायको आणायचं. ते मी स्वतः ओट्यावर जाऊन नाकारलं. माझं लग्न झालं नाही असं नातेवाईक हळहळून सांगतात. मी केलं नाही. सगळ्यांत मोठी किंमत वहिनीनं दिली. तिचं माहेर तुटलं. तिच्या आईला घरात तिचं नाव घ्यायची बंदी होती. ती म्हातारी वर्षातून एकदा, बाजाराचं निमित्त करून, एरंडोलच्या स्टँडवर यायची. मायलेकी अर्धा-पाऊण तास बाकावर बसायच्या आणि आपापल्या गाडीनं परत जायच्या. आई गेली ते वहिनीला तेराव्यानंतर कळलं.

मुरलीधरनं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. त्या बायकोलाही मूल झालं नाही, आणि तिलाही आणून सोडलं की काय ते मला माहीत नाही. अक्का गावातल्या बालवाडीत बाई झाली. गावातल्या दोन पिढ्यांनी तिच्यासमोर बसून पाटी गिरवली. ती आणि वहिनी त्याच घरात राहिल्या, एका चुलीवर, मग एका गॅसवर. भांडायच्या, अबोला धरायच्या, पुन्हा एका ताटात जेवायच्या. साट्याच्या त्या दोन लग्नांतून खरा टिकला तो या दोघींचा संसार, असं मी वर्गात सांगायचे, आणि मुलं हसायची, कारण त्यांना वाटायचं मी गंमत करते. आता खेड्यापाड्यांत पस्तिशीची पोरं लग्नाची बसली आहेत, मुली मिळत नाहीत, तर पुन्हा साट्याची कुजबुज चालू झाली आहे. परवा एका मध्यस्थानं मलाच फोन करून विचारलं की तुमच्या नात्यात बदल्यात देण्यासारखी कुणी आहे का. त्याला मी काय ऐकवलं ते छापण्यासारखं नाही.

शकूचं लग्न धुळ्यात झालं, मी राहते त्या बाजूच्या कार्यालयात. मुलगा तिनं स्वतः बघितलेला, आमच्याच कॉलेजातला. माय तेव्हा नव्हती, आबा खुर्चीवर बसून होते, ऐकू कमी यायचं. मंगलाष्टकांची वेळ झाली आणि भटजींनी रीतीप्रमाणे हाक दिली, नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं. मला वाटलं होतं की ही जागा रिकामी राहील किंवा कुणीतरी चुलतमामा पुढे होईल. पण नानांनी, कुणाला न विचारता, भडगावला पत्रिका धाडली होती. दारातून मुरलीधर आला. केस पिकलेले, फेटा बांधलेला, हातात आहेराचं पातळ. झालं गेलं विसरून जाण्याची ती जागा आहे असं त्याला वाटलं असावं. नानांनाही वाटलं असावं. लोक बाजूला झाले, त्याला वाट करून दिली. अक्का शेवटच्या रांगेत पोरांबरोबर बसली होती, ती उठून बाहेर जायला लागली.

वहिनी मांडवातून उतरली. त्याच्याकडे गेली नाही, अक्काकडे गेली आणि तिला दारात गाठलं. भटजींनी पुन्हा विचारलं, मामा कोण. वहिनीनं वळून सांगितलं, आवाज न चढवता, पण कार्यालयात सगळ्यांना ऐकू गेलं.

“हिले मामा नही शे. हिले फुई शे.”

आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. मुरलीधर पातळ हातात घेऊन तसाच उभा राहिला. नाना काहीतरी बोलायला गेले, पण तेवढ्यात शकू आतल्या खोलीतून स्वतःच दाराशी आली आणि तिनं हात पुढे केला. अक्कानं चष्मा पुसला, पदर खोचला, आणि नवरीचा हात धरून तिला त्याच्या समोरून मांडवात घेऊन गेली. भटजी घुटमळले. मी त्यांना म्हटलं, मुहूर्त जातोय, सुरू करा. त्यांनी सुरू केलं.